तिवराच्या पानावरील मीठ

ठाण्याच्या खाडीकाठी तिवराच्या पानांवर मिठाचे बारीक कण दिसतात. त्यांचे कारण सांगण्यापूर्वी शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करवावा. बटाट्याची एक चकती साध्या पाण्यात व दुसरी मिठाच्या दाट पाण्यात ठेवावी. काही तासांनी पहिली ताठ राहते, दुसरी मऊ पडते. कारण पेशींतील पाणी पातळ पडद्यातून खाऱ्या पाण्याकडे ओढले जाते. मग तिवराचे झाड खाडीत जगते कसे, हे मुलांनाच विचारावे. त्याची मुळे बरेचसे मीठ बाहेरच अडवितात. पेशीरस खाडीच्या पाण्याहून अधिक तीव्र असल्याने पाणी आत शिरते. उरलेले मीठ पानांतील सूक्ष्म ग्रंथी बाहेर टाकतात. २०२२ साली ठाणे खाडीस रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तो या पेशींच्या कष्टांवरही उभा आहे. म्हणून पेशीची केवळ व्याख्या पाठ करवून घेऊ नये.