गणिताच्या संशोधनासाठी परदेशी जाताना

गोंदिया शहरालगतच्या कुडवा येथील विद्यार्थ्याने गणितातील संशोधनासाठी परदेशी जाण्याचा विचार बोलून दाखविला, की घरात पहिला प्रश्न निघतो तो खर्चाचा. वस्तुतः गणिताच्या बाबतीत तो बराचसा सुटलेला असतो. अमेरिकेतील बहुतेक मोठ्या विद्यापीठांत पीएच.डी.स प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यास अध्यापन-साहाय्यकाचे काम देण्यात येते. त्यामुळे शिक्षणशुल्क माफ होऊन निर्वाहापुरते विद्यावेतन मिळते. केवळ एम.एस.साठी असे साहाय्य क्वचितच लाभते.

खरी अडचण दुसरीच आहे. अर्जासोबत साधारणतः तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रे लागतात. ‘विद्यार्थी हुशार व आज्ञाधारक आहे’ एवढ्या मजकुरास तेथे मोल नाही. कोणती सिद्धता त्याने स्वतः शोधली, तो कोठे अडला, त्यातून कसा बाहेर पडला, हे जवळून पाहिलेला शिक्षकच सांगू शकतो. टिपणे पाठ करून गुण मिळविणाऱ्याविषयी असे काही लिहिता येत नाही.

म्हणून पूर्वतयारीस किमान दोन वर्षे आधी आरंभ करावा. १९९३ साली सुरू झालेल्या एम.टी.टी.एस. या उन्हाळी गणित-प्रशिक्षणात लहान गावांतील विद्यार्थ्यांनाही प्रवेश मिळू शकतो. तेथे स्वतः विचार करण्याची सवय लागते आणि अन्य संस्थांतील प्राध्यापकांची ओळखही होते. तीन वर्षांची पदवी अनेक विद्यापीठांना अपुरी वाटते, तेव्हा एम.एस्सी. पूर्ण करणे श्रेयस्कर. काही विद्यापीठे जी.आर.ई.ची गणित विषयाची परीक्षा मागतात. तीत सुमारे निम्मे प्रश्न कलनशास्त्राचे, तर पाव हिस्सा बीजगणिताचे असतात. इंग्रजीची परीक्षाही द्यावी लागते. अर्जाची मुदत बहुधा डिसेंबर-जानेवारीत संपते. साहाय्याचा प्रस्ताव आल्यास तो स्वीकारण्यासाठी अनेक विद्यापीठे १५ एप्रिलपर्यंत अवधी देतात.

विदर्भाला ही वाट नवी नाही. नागपूर येथे शिकलेले व तेथेच अध्यापन केलेले शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांनी १९५० मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. त्यांचे मार्गदर्शक होते राजचंद्र बोस. या गुरुशिष्यांनी पार्कर यांच्यासह १९५९ मध्ये लॅटिन चौरसांविषयीचे ऑयलर यांचे १७८२ मधील अनुमान चुकीचे ठरविले. पुढे श्रीखंडे यांनी मुंबई विद्यापीठात गणिताच्या अनेक विद्यार्थ्यांना घडविले.

कुडव्याच्या विद्यार्थ्याने तेव्हा पैशांची जुळवाजुळव करण्यापूर्वी एक अवघड उदाहरण स्वतः सोडवावे, आणि ते घेऊन आपल्या शिक्षकांकडे जावे. शिफारसपत्राची पहिली ओळ तेथेच लिहिली जाते.