आजारी आईबापांच्या लेकरांस आधार

सातपूर येथील औद्योगिक वसाहतींत पाळीपाळीनें राबणाऱ्या कामगारांचीं पुष्कळ कुटुंबें आहेत. अशा एखाद्या घरांत बापास दारूचें व्यसन जडलें, किंवा आई मनाच्या आजारानें अंथरुणास खिळली, तर पहिला भार कोणावर पडतो? थोरल्या लेकरावर. तें धाकट्यांस जेवूं घालतें, शाळा चुकवितें, आणि कोणी विचारल्यास “सर्व ठीक आहे” असें सांगतें. त्या लेकरास साहाय्य कसें करावें, हा आजच्या धड्याचा विषय होय.

१. आजारास आजार म्हणावें. २०१७ सालच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें दारू व अमली पदार्थ ह्यांच्या सेवनाशीं निगडित मानसिक अवस्थाही आजारांत गणिल्या आहेत, व सरकारी सेवेंत उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे. दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांच्या आंतील मूल सहसा वेगळें करूं नये, असेंही त्यांत सांगितलें आहे. मुलास अपाय होण्याचें भय असेल तरच अपवाद. ताटातुटीच्या भीतीनें दवाखाना टाळणाऱ्या मातेस हें अवश्य कळवावें.

२. बळजबरी करूं नये. रोज पुष्कळ पिणाऱ्याची दारू एकाएकीं तोडल्यास हातपाय कांपणें, झटके येणें, भ्रम होणें असे प्रकार घडतात. प्रसंगीं प्राणावरही बेततें. म्हणून शपथ घालून वा खोलींत कोंडून नव्हे, तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीं ती सोडवावी.

३. कुटुंबाचीही शुश्रूषा करावी. डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट ह्यांनीं १९८६ सालीं पुण्यास मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र काढिलें; तेथें रुग्णाबरोबर घरच्यांसही समुपदेशन मिळतें. अमेरिकेंत मद्यपींची परस्परसाहाय्यक संघटना १९३५ सालीं निघाली. नातलगांचें दुःख निराळें, हें ओळखून १९५१ सालीं त्यांच्यासाठीं अल-अनॉन ही संघटना झाली, व १९५७ सालीं किशोरवयीन मुलांसाठीं अलाटीन.

४. लेकराशीं खरें बोलावें. “हा आजार तुझ्यामुळें झाला नाहीं. तो बरा करणें तुझें काम नव्हे. त्याविषयीं विश्वासाच्या माणसाशीं बोलणें म्हणजे घरची अब्रू घालविणें नव्हे.” इतकें सांगितल्यानेंही त्याच्या मनावरील ओझें हलकें होतें.

५. मदत नेमकी असावी. रोख पैशापेक्षां धान्य व शाळेचा खर्च द्यावा. अभ्यासास शांत जागा द्यावी. रात्रीं भांडण पेटल्यास मुलांनीं कोणाच्या घरीं जावें, हें आधींच ठरवावें. टेली-मानस १४४१६ ह्या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. मुलास धोका असल्यास १०९८ वर कळवावें. मात्र त्या घराची वार्ता चारचौघांत काढूं नये. ज्याची बोलाचाल होते, तें घर दार लावून घेतें, आणि मग लेकरूं आंतच राहतें.

विचारार्थ प्रश्न: आपल्या आळींत असें घर आहे काय? तेथील लेकरूं संकटांत कोणाचें दार ठोठावील? तें दार आपलें व्हावें म्हणून ह्या आठवड्यांत आपण काय करूं?