टायबर आणि वालधुनी

वालधुनी नदीकाठच्या तळमजल्यावर आत्याने भिंतीवरची एक पेन्सिलची रेघ अजून जपली आहे. 26 जुलै 2005 चं पाणी तिथवर चढलं होतं. घराला रंग काढला की रंगारी तेवढी वीतभर जागा सोडतो.

"सांताक्रूझला त्या दिवशी 944 मिलिमीटर पाऊस झाला," भाचा म्हणाला. "असं काही झालं की तुझ्या इतिहासातले रोमन लोक देव कोपला म्हणत असतील, नाही?"

"पुष्कळ जण म्हणत," निवृत्त इतिहास-शिक्षिका असलेली आत्या म्हणाली. "पण रोमन तत्त्वज्ञ सेनेका बघ. इ. स. 62 च्या सुमारास पॉम्पेईला भूकंप झाला. यात देवांचा हात नाही, असं त्याने लिहिलं. जमिनीच्या पोटात कोंडलेला वारा वाट शोधतो, म्हणाला. तिथे 600 मेंढ्यांचा कळप मेला होता. भुईतून विषारी हवा निघाली असेल, मेंढीची मान कायम खाली, म्हणून ती आधी सापडते, हा त्याचा तर्क."

"वाऱ्याचं चुकलंच की."

"चुकलं. पण कारण जमिनीतच शोधत होता ना!"

तिला खरा रस रोमन इतिहासकार टॅसिटसमध्ये. त्याने लिहिलेली गोष्ट ती सांगू लागली. इ. स. 15 मध्ये टायबरला पूर आला, रोमचा सखल भाग बुडाला. गॅलस नावाचा सिनेटचा सभासद म्हणाला, सिबिलच्या भविष्यग्रंथांत बघू. सम्राट टायबेरियसने ते मोडीत काढलं आणि नदीवर उपाय शोधायला दोन माणसं नेमली. पुढे टायबरला मिळणाऱ्या नद्या वळवायचा प्रस्ताव आला. मग गावोगावची शिष्टमंडळं सिनेटमध्ये हजर! फ्लोरेन्सवाले म्हणाले, ते पाणी आमच्या आर्नो नदीत सोडलंत तर आम्ही बुडू. दुसरे म्हणाले, आमच्या सुपीक शेतांची दलदल होईल.

"म्हणजे जनसुनावणीच!"

"हो. शेवटी पिसो नावाच्या सभासदाचं मत मान्य झालं: काहीच बदलू नये." आत्या हसली. "आपण अस्मानी-सुलतानी म्हणतो ना? सेनेकाने अस्मानी उलगडली, टॅसिटसने सुलतानी."

भाच्याने खिडकीतून पाहिलं. अंबरनाथ, उल्हासनगर करत आलेली वालधुनी इथून पुढे उल्हास नदीला मिळते. भरती असली की खाडी पाणी लवकर ओढून घेत नाही. पाऊस अस्मानी खराच. पात्रात पडलेला भराव मात्र आभाळातून आलेला नाही.

"आणि टायबरचं पुढे काय झालं?"

"पूर येतच राहिले. 1870 च्या डिसेंबरात रोम पुन्हा बुडालं, तेव्हा कुठे 1876 मध्ये काठांच्या भिंतींचं काम सुरू झालं."