आधी साथ, मग नायकी

शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 साली, नेवाशात पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरचं भाष्य सांगितलं आणि सच्चिदानंदबाबांनी ते उतरवून घेतलं, अशी परंपरा आहे. याच गावात मी पेटी वाजवतो, मुलांना गाणं शिकवतो आणि कीर्तनाला, भजनाला, नाट्यगीतांच्या कार्यक्रमाला साथीला बसतो. मुलाला क्लासला घालायला आलेले पालक हमखास विचारतात, "सर, यात पुढं काय?" आणि वर्ष-दोन वर्षं शिकलेला मुलगा विचारतो, "मला स्वतःचा कार्यक्रम कधी करता येईल?" या दोन्ही प्रश्नांना इतक्या वर्षांत जी उत्तरं सापडली, ती इथं लिहितो.

1. आधी साथीला बसा.
कीर्तनात बुवा निरूपण करत असतात तेव्हा पेटीवाल्याला उसंत नसते. सूर धरून ठेवायचा, बुवांच्या बोलण्याकडं कान ठेवायचा आणि ते आता कुठल्या प्रमाणावर येणार हे हेरून त्या चालीला तयार राहायचं. बुवांनी चरण सोडला की गायनाचार्य तो उचलतात, मृदंग उठतो, टाळकरी पावलीवर येतात. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे ओळखायची ही सवय पुढं मंडळी चालवताना कामी येते. गोविंदराव टेंबे भास्करबुवा बखल्यांच्या साथीला पेटी घेऊन बसत. त्याच टेंब्यांनी 1911 साली 'मानापमान'च्या चाली दिल्या आणि 1913 साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी उभी केली. माझ्याकडं गायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी सुरुवातीला टाळ धरायला लावतो. लय हातात बसली की ती गळ्यातही बसते.

2. कार्यक्रमाच्या तासभर आधी पोचा.
पखवाजी काय करतो ते एकदा जवळ बसून पाहा. घट्ट मळलेली कणीक ओल्या हातानं डाव्या पुडीच्या मधोमध थापतो, थाप मारून बघतो, थोडी काढतो, पुन्हा लावतो. मग उजवी बाजू हातोडीनं सुरात आणतो. या कामाला घाई चालत नाही. मुख्य गायक ऐनवेळी आला की सगळ्यांची घडी विसकटते आणि पहिला अभंग नुसता सूर शोधण्यात जातो. जो पुढारी आहे त्यानं सर्वांच्या आधी यावं आणि वाद्यं लागेपर्यंत तिथंच बसावं.

3. पट्टी गळ्याची बघून ठरवा.
नाट्यपद शिकायला आलेली मुलं रेकॉर्ड ऐकून येतात आणि त्याच पट्टीत गायचा हट्ट धरतात. गळ्याच्या शिरा ताणल्या जातात, शब्द चिरडतात, आणि ऐकणाऱ्यालाही त्रास होतो. मी आधी मुलाला साधं बोलायला लावतो, मग आकारात वर-खाली नेतो. मंद्र पंचम दबत नाही आणि तार गंधार ओरडावा लागत नाही, अशी जागा पेटीवर सापडली की तीच त्याची पट्टी. मग ती काळी एक असो की काळी चार. नाटक बसवतानाही हाच नियम. पद चांगलं आहे म्हणून नटाच्या गळ्यात कोंबू नये. त्या नटाला पेलेल अशा पट्टीत ते आणावं, नाहीतर पद बदलावं.

4. आवाज फुटला म्हणजे गाणं संपलं नाही.
तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटतो आणि घरचे क्लास बंद करतात. भास्करबुवा बखले लहानपणी किर्लोस्कर मंडळीत गात होते. आवाज फुटल्यावर तिथली वाट बंद झाली. त्यांनी मात्र फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडं वर्षानुवर्षं तालीम घेतली, 1911 साली पुण्यात भारत गायन समाज काढला आणि 1916 साली 'स्वयंवर'ला संगीत दिलं. ते बालगंधर्वांचे गुरू. आवाज फुटल्याच्या काळात मुलाला खालच्या सुरात हलका रियाज द्यावा, तबला किंवा पेटी हातात द्यावी आणि भरपूर ऐकवावं. नवा आवाज येतो तेव्हा कान तयार असतो.

5. पोटाची सोय करायला लाजू नका.
वसंतराव देशपांड्यांनी लष्कराच्या हिशेब खात्यात अनेक वर्षं नोकरी केली. 1967 साली 'कट्यार काळजात घुसली'मधले खाँसाहेब म्हणून महाराष्ट्रानं त्यांना डोक्यावर घेतलं, त्याआधीची कितीतरी वर्षं ती नोकरी त्यांच्या गाण्याच्या पाठीशी होती. आमच्या तालुक्यात मुलांपुढं वाटा आहेत. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत विशारद, अलंकारपर्यंत जाऊन शिकवणी करता येते. कीर्तनाकडं ओढ असेल तर आळंदीला जोग महाराजांनी 1917 साली स्थापन केलेली वारकरी शिक्षण संस्था आहे. साथीची कामं आहेत, शाळेतली शिक्षकी आहे. शेती किंवा दुकान सांभाळूनही रियाज होतो, पहाटे उठायची तयारी हवी.

6. हिशेबाची वही स्वतः लिहा.
गंधर्व मंडळीचा थाट अजून सांगितला जातो. भरजरी पोशाख, अत्तरं, साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा. त्या वैभवापाठोपाठ कर्जही आलं आणि ते फेडण्यासाठी बालगंधर्वांना वर्षानुवर्षं प्रयोगांमागून प्रयोग करावे लागले. हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक मंडळी काढली. ती बुडाली, तेव्हा त्यांनी मैफली करून देणी भागवली. माणसं मोठी होती म्हणून त्यांनी शब्द पाळला, पण गळ्याचे किती दिवस त्यात गेले! तारीख, गाव, ठरलेलं मानधन, गाडीभाडं, प्रत्येकाचा वाटा हे सारं वहीत असावं. बिदागी आधी ठरवावी. पैसे हातात आले की पहिल्यांदा साथीदारांचे द्यावेत, मग आपले घ्यावेत. रात्री अकराला कीर्तन संपल्यावर तबलजीला घरी सोडायची सोय झाली का, हेही पुढाऱ्यानंच बघायचं.

7. आपल्यामागं चालेल असं काहीतरी उभं करा.
31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल'चा प्रयोग केला. पाचच वर्षांत ते गेले, पण भाऊराव कोल्हटकरांसारखी माणसं तयार होती म्हणून मंडळी टिकली. केशवराव भोसले 1921 साली ऐन तिशीत गेले. बापूराव पेंढारकरांनी त्यांची ललितकलादर्श नाटक मंडळी सांभाळली आणि पुढं भालचंद्र पेंढारकरांनी तिला पुन्हा उभं केलं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांचे शिष्य विनायकराव पटवर्धन गंधर्व मंडळीत नट होते. रंगभूमी सोडून त्यांनी 1932 साली पुण्यात विद्यालय सुरू केलं आणि पिढ्या घडवल्या. गळा माणसाबरोबर जातो, शिकवलेलं मागं राहतं. आपल्याला येतं ते किमान दोघांना तरी पूर्ण द्यावं. एखादी चीज हातची राखून ठेवणारा गुरू माझ्या लेखी मोठा नाही.

8. गाव लहान आहे ही सबब सांगू नका.
नेवाशाहून अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर दोन्हीकडं मैफल ऐकायला जाऊन त्याच दिवशी परतता येतं. मोठ्या गवयांना समोर बसून ऐका. आणि गावातलं व्यासपीठ कमी समजू नका. सप्ताहात रोज नवे बुवा, रोज नवी पट्टी, समोर शेतातून दमून आलेली माणसं. त्यांना दोन तास बसवून ठेवणं ही कुठल्याही परीक्षेपेक्षा अवघड गोष्ट आहे. तिथं उभा राहिलेला मुलगा पुण्या-मुंबईच्या रंगमंचावर घाबरत नाही.

शेवटी सप्ताह समित्यांना आणि मंडळांना एक विनंती. तुमच्या पत्रिकेवर कीर्तनकारांचे फोटो रांगेनं असतात आणि मृदंगाचार्य, गायनाचार्य, पेटीवाले तळाशी बारीक अक्षरात. पुढच्या वर्षी त्यांची नावं ठळक छापा आणि त्यांचं मानधन काल्याच्या दिवशीच हातात द्या. गावातला एखादा मुलगा ती पत्रिका वाचत असतो. यात पुढं काय, याचं उत्तर त्याला तिथंच मिळेल.