बॉनेटला भोक पाडण्याआधी

रीमॅप केलेली टर्बो पेट्रोल गाडी मे महिन्यात घाटात दामटली की तापमान चढतं, आणि मग पहिला सल्ला ठरलेला असतो: बॉनेट मागच्या बाजूने वॉशर घालून उचला, गरम हवा निघून जाईल. मीही ते केलं होतं. सिग्नलला उभं असताना हवा खरंच बाहेर येत होती. पण मागच्या कडेला लोकरीचे धागे चिकटवून ८०च्या वेगाने गाडी नेली, तेव्हा धाग्यांची टोकं वळून फटीत आत गेली. वेगात हवा पुढच्या काचेवर आदळून तिच्या पायथ्याशी तुंबते आणि तिथला दाब वाढतो. १९६९च्या शेव्हरोले कॅमॅरोत याच दाबाच्या जोरावर काचेजवळून इंजिनाला थंड हवा पुरवण्याची सोय होती. जी जागा हवा आत घ्यायला उत्तम, तिथून गरम हवा बाहेर काढायला जाऊ नका. शिवाय केबिनची ताजी हवाही बहुतेक गाड्यांत तिथूनच येते, म्हणजे इंजिनाचा वास थेट नाकात.

तेव्हा सुरुवात वहीपासून करा. साधा ओबीडी स्कॅनर लावा आणि एकच घाट, एकच वेळ, एकच गियर ठरवून कूलंटचं आणि इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान लिहा. हवा तापली की विरळ होते. ढोबळमानाने दर ३ अंशांमागे १ टक्का. बाहेर ४० अंश असताना इंजिन ६० अंशांची हवा ओढत असेल, तर साधारण ६ टक्के हवा तुम्ही गमावलीत. आकडे नसतील तर पुढे केलेल्या कामाचा उपयोग झाला की नाही, हे कधीच कळणार नाही.

मग पुढचा भाग उघडा. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या सापटीत धूळ, किडे आणि चिखलाचा थर बसलेला असतो. पाणी मागून पुढे, हलक्या धारेने सोडा. प्रेशर वॉशरने पातळ पाकळ्या दुमडतात. त्यानंतर रेडिएटरच्या चारही बाजूंच्या फटी फोम आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांनी बुजवा. हवेला सोपी वाट मिळाली की ती रेडिएटरमधून जायचे कष्ट घेत नाही. हे काम स्वस्त आहे, दिसत नाही, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त फळ यातूनच मिळतं. फॅनचं आवरण आणि इंजिनाखालचं कव्हर काढून टाकू नका; हवेची वाट आखण्यात त्यांचाही वाटा असतो.

रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडा. रबर कडक झालं असेल तर ते बदला. पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं असेल आणि झाकण १.१ बार दाब धरत असेल, तर मिश्रण साधारण १२९ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण गळकं असेल तर हीच मर्यादा १०७च्या आसपास येते.

उष्णता जिथे निर्माण होते तिथेच तिला अडवा. टर्बोला ब्लँकेट घाला. एक्झॉस्टच्या पाइपाला आणि इंटेकच्या पाइपाला समोरासमोर ठेवू नका. मध्ये पत्र्याची ढाल लावा आणि ढालीच्या दोन्ही बाजूंना बोटभर मोकळी जागा सोडा. साध्या लोखंडी पाइपाला पट्टी गुंडाळली की ओल धरते आणि कोकणासारख्या दमट हवेत पाइप आतल्या आत गंजतो, म्हणून पट्टी स्टेनलेस पाइपालाच. मॅकलॅरेन एफ१ या गाडीत इंजिनाच्या कप्प्याला सोन्याचा वर्ख लावला होता, कारण सोनं उष्णतेचे किरण फार चांगले परतवतं. आपलं काम चकचकीत ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर भागतं.

एवढं करूनही वहीतला आकडा समाधानकारक नसेल, तरच बॉनेटकडे वळा. त्याआधी दाब मोजायचा. गवंडी लेव्हलसाठी पारदर्शक नळी वापरतात, तीच युक्ती. फिशटँकची बारीक नळी यू आकारात फळीवर बसवा, मागे आलेखाचा कागद लावा, नळीत शाई घातलेलं पाणी भरा. एक टोक बॉनेटखाली सोडा, रेडिएटरच्या मागे, पण फॅनच्या झोतापासून दूर. दुसरं टोक बॉनेटच्या वर टेपने चिकटवा: टोक गाडीच्या नाकाकडे, तोंड डिंकाने बंद, आणि टोकापासून दोन सेंटिमीटर मागे नळीच्या बाजूला सुईएवढं छिद्र. फळी गाडीला आडवी धरा, म्हणजे ब्रेक मारल्यावर पाणी हेलकावत नाही. गाडी चालवणाऱ्याने समोर बघायचं; आकडे शेजारच्याने लिहायचे.

८०च्या वेगाला वाऱ्याचा पूर्ण दाबसुद्धा पाण्याच्या तीन सेंटिमीटर उंचीएवढाच असतो, त्यामुळे मिलिमीटर नीट वाचा. ज्या जागी वरच्या नळीकडचं पाणी सर्वाधिक चढतं, तिथे बॉनेटवर ओढ आहे. ही जागा बहुधा बॉनेटच्या पुढच्या तृतीयांशात, रेडिएटरच्या जरा मागे सापडते. तरी प्रत्येक गाडीचं नाक वेगळं, म्हणून दहा-बारा ठिकाणी टेप लावून बघाच. सुबारू इम्प्रेझाच्या बॉनेटवरचं तोंड बघून नक्कल करू नका. ते इंटरकूलरला हवा आत देण्यासाठी आहे.

कापाकापीसाठी कुर्ल्याच्या भंगार बाजारातून दुसरं बॉनेट आणा. आतल्या फासळ्या आणि लॅचची जागा सोडून मधला पत्राच कापा, कोपरे गोल ठेवा म्हणजे तडा जात नाही, आणि कापलेल्या कडेला त्याच दिवशी प्रायमर मारा. झडपांची तोंडं मागे वळलेली हवीत. भोकाच्या पुढच्या कडेला १० मिलिमीटरची उभी पट्टी लावली तर ओढ आणखी वाढते. खाली कॉइल, अल्टरनेटर किंवा फ्यूजबॉक्स येत असेल तर पन्हळीसारखा पत्रा बसवून पाणी बाजूला काढा. पावसाळ्याआधी बागेच्या पाइपाने दहा मिनिटं पाणी सोडून बघा.

मग पुन्हा तोच घाट, तीच वेळ, तीच वही. वरून उतरल्यावर शेवटचे दोन किलोमीटर गाडी सावकाश चालवा आणि मगच बंद करा, नाहीतर टर्बोतलं तेल जागच्या जागी करपतं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत बदल करण्यावर बंधनं आहेत. म्हणून कापलेलं बॉनेट रस्त्यावर लावण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. मूळ बॉनेट गोणपाटात गुंडाळून जपून ठेवा. पासिंगला आणि गाडी विकताना तेच लागणार आहे.