जीव वाचला, पण मन अजून तिथेच?

दरवर्षी १४ जानेवारीला आपण विद्यापीठाच्या गेटवर जमतो. निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, कडेवर लेकरे घेऊन आलेल्या आयाबाया. त्या गर्दीत साठी-सत्तरीची काही माणसे असतात. १९९४ चा नामविस्तार त्यांना आठवतोच, पण त्याआधीचे १९७८ साल त्यांच्या अंगात मुरलेले असते. त्या वर्षी २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने मंजूर केला आणि मराठवाड्यात गावोगावी आपल्या वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. अनेक कुटुंबे रातोरात गाव सोडून निघाली, काही या शहरात येऊन राहिली.

जे गेले, त्यांना आपण शहीद म्हणून अभिवादन करतो. जे वाचले, त्यांच्या मनाचे काय झाले, हे मात्र आपण फारसे विचारले नाही. “जीव वाचला ना, मग झाले,” असे म्हणून पुढे गेलो. या महिन्याच्या आरोग्य पानावर आपण त्या राहून गेलेल्या प्रश्नाकडे पाहू.

संकटात शरीर काय करते?

जिवावर बेतते तेव्हा विचार करायला वेळ नसतो. मेंदूत बदामाएवढा एक भाग आहे. त्याचे काम धोका ओळखून इशारा देणे. तो इशारा मिळताच रक्तात अ‍ॅड्रिनॅलिन सुटते. छाती धडधडते, श्वास वाढतो, तोंडाला कोरड पडते, हातपायांकडे रक्त धावते. कुणाला आजूबाजूचा आवाज ऐकू येईनासा होतो, कुणाला सगळे अगदी सावकाश घडते आहे असे वाटते.

मग शरीर तीनपैकी एक काहीतरी करते: पळते, लढते किंवा जागच्या जागी थिजते. हे तिसरे नीट समजून घ्या. पाय जड होतात, तोंडातून आवाज फुटत नाही, कपड्यात लघवीही होऊ शकते. अशा माणसाला आपण भित्रा म्हणतो. अत्याचार झालेल्या बाईला तर पोलीस ठाण्यापासून नातेवाइकांपर्यंत सगळे विचारतात, “तू ओरडली का नाहीस?” ती ओरडली नाही कारण तिचे शरीर थिजले होते. तो तिचा निर्णय नव्हता आणि तिची संमती तर मुळीच नव्हती.

“मीच का वाचलो?”

८ मे २०२०. लॉकडाऊनचे दिवस. जालन्याच्या स्टील कारखान्यातले वीस मजूर मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी जाण्यासाठी रुळांच्या कडेने चालत निघाले होते. आपल्याच जिल्ह्यात करमाडजवळ थकून ते थांबले. गाड्या बंद आहेत असे समजून बहुतेक जण रुळांवरच झोपले. पहाटे मालगाडी आली. सोळा जण गेले. थोडे बाजूला असलेले वाचले. आम्ही हाका मारल्या, पण वेळच उरला नाही, असे त्यांनी सांगितल्याचे तेव्हाच्या बातम्यांत आले होते.

अशा प्रसंगातून वाचलेल्याच्या मनात पुढे वर्षानुवर्षे एकच चक्र फिरू शकते: आधी जाग आली असती तर? त्यांना हाताने ओढले असते तर? हा वाचल्याचा अपराधभाव. सगळे आपल्या हाताबाहेर होते, हे मान्य करणे फार अवघड असते. त्यापेक्षा “माझेच चुकले” हे मनाला सोपे वाटते, म्हणून ते स्वतःलाच आरोपी करते. त्यात भोवतालची माणसे “रुळांवर झोपलेच कशाला?” असे विचारतात, तेव्हा जखम आणखी चिघळते. थकलेल्या मजुराला पायी का निघावे लागले, हा प्रश्न विचारा. वाचलेल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नका.

नंतर दिसणारी लक्षणे

- तोच प्रसंग स्वप्नात किंवा जागेपणी पुन्हा डोळ्यांसमोर येणे. रॉकेलचा वास, फटाक्याचा आवाज, रेल्वेची शिट्टी एवढेही पुरते.
- त्या जागेपासून, त्या विषयापासून लांब राहणे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर कितीतरी लोक दगडी घरात झोपायलाच घाबरत होते.
- झोप उडणे, दचकणे, लहानसहान गोष्टींवर भडकणे.
- कशातच जीव न रमणे, घरच्यांपासून तुटल्यासारखे वाटणे.
- लहान मुलांनी पुन्हा अंथरूण ओले करणे, आईला सोडून न राहणे, तोच प्रसंग खेळात खेळणे.

पहिले काही आठवडे असे होणे स्वाभाविक आहे. घरचा आधार मिळाला तर बहुतेकांचे हळूहळू कमी होते. पण महिना उलटूनही त्रास तसाच राहिला, कामधंदा आणि घर बिघडू लागले, तर तो उपचार लागणारा आजार आहे. बाहेरची बाधा नव्हे, करणी नव्हे. अंगारे-धुपारे करण्यात दिवस घालवू नका. आणि दारू तर नकोच. दारूने तेवढ्यापुरती गुंगी येते, पण झोप आणखी बिघडते आणि भीती वाढते.

घरच्यांनी काय करावे?

आधी सुरक्षित जागा, पाणी, जेवण, झोप. कुटुंबाची ताटातूट होऊ देऊ नका, विशेषतः मुलांची.

त्याला बोलायचे असेल तर ऐका. मध्ये तोडू नका. बोलायचे नसेल तर “सगळे सांग, मन मोकळे कर” म्हणून खणत बसू नका. जबरदस्तीने लगेच सगळे सांगायला लावल्याने त्रास वाढू शकतो.

“विसरून जा”, “तुझ्यापेक्षा लोकांचे जास्त गेले” असे म्हणू नका. “तू आता घरी आहेस, आम्ही जवळ आहोत” एवढे पुरे.

भीतीचा झटका आला तर पाय जमिनीवर टेकवायला सांगा. समोरच्या पाच वस्तूंची नावे घ्यायला लावा. श्वास सावकाश, लांब सोडायला सांगा. आनापान करणाऱ्यांनीही एक काळजी घ्यावी: डोळे मिटल्यावर तोच प्रसंग दिसत असेल तर डोळे उघडे ठेवावेत आणि ध्यानाचा वेळ कमी करावा.

त्रास थांबत नसेल तर घाटी रुग्णालयात मानसोपचार विभागात केस पेपर काढा. बोलण्यातून होणारे उपचार आहेत, गरज पडल्यास गोळ्याही आहेत. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येते. आणि कुणी मरणाची भाषा करू लागले, तर त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

पटाचाराची गोष्ट

पटाचारा थेरीची कथा आपण वर्षावासात ऐकतो. एका वादळात नवरा सर्पदंशाने गेला, दोन्ही लेकरे गेली, माहेरचे घर कोसळून आई-वडील आणि भाऊ गेले. ती एकटीच वाचली. अंगावर वस्त्राचे भान न उरलेली ती जेतवनात आली, तेव्हा लोक वेडी म्हणून तिला हाकलू लागले. तथागतांनी तिला अडवू दिले नाही. कुणीतरी अंगावर पांघरायला वस्त्र दिले. मग तथागतांनी तिचे ऐकले आणि मग उपदेश केला. हीच पटाचारा पुढे विनय जाणणारी श्रेष्ठ भिक्खुणी झाली आणि दुःखी स्त्रिया तिच्याकडे आधाराला येऊ लागल्या.

क्रम लक्षात ठेवू: आधी जवळ येऊ देणे, मग पांघरूण, मग ऐकणे, उपदेश सर्वांत शेवटी. आपण बहुतेकदा उपदेशापासूनच सुरुवात करतो.

आपल्या घरात १९७८ पाहिलेली आजी असेल, अपघातातून वाचलेला भाऊ असेल, तर आज संध्याकाळी त्यांच्याजवळ थोडा वेळ बसू. काही बोलल्या तर ऐकू. नाही बोलल्या, तरी बसून राहू.

जयभीम.