जर्मनच्या भांड्याची चकाकी

शिरूर आणि दौंड तालुक्यांत घरोघरी जर्मनची भांडी आहेत. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. हे भांडे काही दिवसांनी आतून काळे पडते. ते उजळावे कसे, असे आयाबहिणी आम्हांला वर्गात विचारतात. म्हणून हा धडा.

काळे का पडते?

या धातूवर हवेने पातळ साय धरते. ती साय भांड्याला जपते. राख, धुण्याचा सोडा आणि विहिरीचे जड पाणी यांनी ती बिघडते. राखेने पितळ उजळते, पण जर्मन काळवंडते.

घरचा उपाय

भांड्यात पाणी घ्या. त्यात चिंच किंवा लिंबाच्या साली टाका. 10 मिनिटे उकळा. आंबट पाण्याने काळा थर सुटतो. ते पाणी फेकून द्या. मग भांडे स्वच्छ धुवा. आंबट पदार्थ धातूला खातो, म्हणून ताक किंवा चिंचेची आमटी या भांड्यात रात्रभर ठेवू नये.

कॉस्टिक सोडा मात्र कधीच वापरू नका. तो धातूच विरघळवतो. पाणी फसफसते, डोळ्यांत उडते. त्यातून निघणारा वायू पेट घेतो. जवळ चूल किंवा बिडी असली तर घात होतो.

कारखान्यातले काम

शिरूर तालुक्यात रांजणगावला आणि दौंड तालुक्यात कुरकुंभला औद्योगिक वसाहती आहेत. आपली पोरे कारखान्यांत कामाला जातात. काही कारखान्यांत ॲल्युमिनियमचे भाग तेजाबात बुडवून चकचकीत करतात. जुन्या रीतीत फॉस्फरिक तेजाबात नायट्रिक तेजाब मिसळतात. त्यातून तांबूस धूर निघतो. हा धूर फसवा आहे. माणसाला आधी थोडा खोकला येतो, मग बरे वाटते. पण काही तासांनी छातीत पाणी भरते आणि जीव जाऊ शकतो. धूर लागला असेल, तर बरे वाटले तरी दवाखान्यात जावे.

नायट्रिक तेजाब न घालता उजळण्याच्या रीती आहेत. एका रीतीत फॉस्फरिक आणि गंधकाचे तेजाब वापरतात. दुसरीत विजेचा प्रवाह सोडतात. त्यांत तांबूस धूर होत नाही. तरी तेजाब ते तेजाबच, कातडी जाळणारच.

ध्यानात ठेवा

1. तेजाब पाण्यात हळूहळू ओतावे. पाणी तेजाबात कधीही ओतू नये.
2. हातमोजे, चष्मा आणि धूर ओढून नेणारा पंखा मागून घ्यावा. मागायला लाजू नये.
3. अंगावर उडाले तर कपडे काढून 15 मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावे, मग दवाखाना गाठावा.
4. डब्यावर हायड्रोफ्लोरिक असे नाव असेल तर त्याला हात लावू नये. ते आधी दुखत नाही, पण आत हाडापर्यंत जाते.
5. उरलेले तेजाब ओढ्यात सोडू नये. ओढा घोडला मिळतो, घोड भीमेला. तेच पाणी आपली गुरे पितात.

डब्यावरचे नाव वाचता आले, तर जीव वाचतो. अक्षर शिकायचे ते यासाठीच.

प्रश्न

1. राखेने कोणते भांडे काळे पडते?
2. तांबूस धूर का फसवा?
3. आपल्या घरातल्या एका डब्यावरचे नाव वाचून वहीत लिहा.